पेटीवर बंदी होती, माहितीये?

१ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओवर पेटी बंद झाली. बंद म्हणजे पूर्ण बंद, गवयाच्या मागे साथीलासुद्धा नाही. उठायला १९७१ उजाडलं, आणि तेव्हाही अर्धीमुर्धीच उठली, वरच्या श्रेणीच्या कलाकारांना साथीला घेता येईल एवढंच. एकट्याने पेटी वाजवायची म्हणाल तर रेडिओचं दार त्यानंतरही कित्येक वर्षं बंदच होतं. हे मी कुणालाही सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, "कुठली पेटी? आपली पेटी?"

हो, तीच. आरतीला काढतात ती, भजनात वाजते ती, गाण्याच्या क्लासला पहिल्या दिवशी सा रे ग म जिच्यावर शिकवतात ती.

हा विषय डोक्यात यायचं कारण म्हणजे आमच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर झालेली भांडणं. कुणीतरी एका मुलाची क्लिप टाकली, विशी-पंचविशीतला मुलगा, समोर लॅपटॉप, पायाशी लूपर (म्हणजे गायलेला तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत राहणारं यंत्र), स्वतःच्याच आवाजाचे थर एकावर एक चढवतोय आणि त्यावर मारवा राग गातोय. मला क्लिप बरी वाटली, ग्रेट नाही, मधे मधे त्याला यंत्राचाच मोह जास्त होत होता. पण ग्रुपवर लगेच सुरू, "हे संगीत आहे का?", "मारव्याची वाट लावली", "प्रयोगाच्या नावाखाली काहीही". आणि सगळ्यात जोरात जे काका बोलत होते ते स्वतः दर गुरुवारी मठात भजनाला पेटी वाजवतात! चांगली वाजवतात, प्रश्नच नाही. पण मला राहून राहून वाटत होतं की काका, ज्या वाद्यावर तुमची बोटं तीस-चाळीस वर्षं फिरतायत त्याच्याबद्दल हेच्च वाक्य बोललं गेलंय, आणि बोलणारे साधेसुधे लोक नव्हते.

तर आधी ती पेटी आली कुठून ते बघू. १८४२ साली पॅरिसमध्ये अलेक्सांद्र दबँ नावाच्या माणसाने हार्मोनियमचं पेटंट घेतलं. ते वाद्य म्हणजे मोठं टेबलाएवढं फर्निचर, खुर्चीवर बसायचं, पायाने भाता मारायचा, दोन्ही हातांनी वाजवायचं. साहेब लोकांबरोबर आणि मिशनऱ्यांबरोबर ते इकडे आलं. मग कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी, म्हणजे ते द्वारकिन कंपनीवाले, त्याचे पायच काढून टाकले. भाता मागे नेला, एका हाताने हवा आणि दुसऱ्या हाताने सूर. दोन हातांचं वाद्य एका हातावर आणलं म्हणजे त्यातली हार्मनी, म्हणजे एकाच वेळी अनेक सूर वाजवणं, गेलीच की, जिच्यासाठी मुळात ते बनवलं होतं! पण आपल्याला हार्मनी नकोच होती, आपल्याला मांडी घालून बसता येईल आणि गळ्याच्या मागे मागे जाता येईल असं काहीतरी हवं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीसेक वर्षांतलं हे सगळं. मला विचाराल तर आपल्या संगीतातला गेल्या दीडशे वर्षांतला सगळ्यात मोठा प्रयोग हाच आहे, आणि त्याला प्रयोग म्हणून कुणी ओळखतसुद्धा नाही.

आता विरोध काय होता ते नीट ऐकायला हवं, कारण "जुने लोक, त्यांना नवीन काही चालत नाही" असं म्हणून सोडून दिलं तर मजाच गेली. विरोधाचे मुद्दे बरोबर होते. अगदी शास्त्रशुद्ध बरोबर.

एक म्हणजे पेटीवर मींड येत नाही. आपल्या गाण्यात सूर जितका महत्त्वाचा तितकाच एका सुरातून दुसऱ्यात जाण्याचा रस्ता, आणि पेटीला रस्ताच नाही, नुसती स्टेशनं. दुसरं म्हणजे ट्यूनिंग. पेटीचं सप्तक बारा सारख्या तुकड्यांत कापलेलं, प्रत्येक तुकडा १०० सेंटचा (सेंट म्हणजे दोन सुरांमधलं अंतर मोजायचं माप). तंबोरा नीट लागला की त्यातून जो गंधार आपोआप ऐकू येतो तो षड्जापासून साधारण ३८६ सेंटवर असतो, आणि पेटीचा गंधार ४०० वर. म्हणजे १४ सेंट चढा. आकडा छोटा वाटतो पण तंबोऱ्याशेजारी बसून पेटीचा गंधार धरून ठेवा, कान तयार असेल तर दोन्हींची आपसात कुरबुर चाललेली स्पष्ट कळते. आणि तिसरं म्हणजे आवाज, पेटी मोठ्याने बोलते आणि गवयाचे सूक्ष्म कणसूर, म्हणजे मुख्य सुराला निसटता लागणारा शेजारचा सूर, झाकून टाकते.

रवींद्रनाथ ठाकुरांना पेटी आवडायची नाही. आणि रेडिओच्या दिल्ली केंद्रात युरोपियन संगीताच्या विभागाचे प्रमुख होते जॉन फोल्ड्स नावाचे इंग्रज संगीतकार, त्यांनी १९३८ मध्ये रेडिओच्याच मासिकात पेटीविरुद्ध सणसणीत लेख लिहिला. आता या फोल्ड्सची गंमत बघा. हा माणूस स्वतः पक्का प्रयोगवाला! पाश्चात्य संगीतात पाव स्वर आणायचा प्रयत्न त्याने कितीतरी आधी केलेला, दिल्लीत येऊन भारतीय वाद्यं आणि पाश्चात्य रचनापद्धती एकत्र करून वाद्यवृंद उभा केलेला. म्हणजे नव्याला घाबरणारा हा माणूस अजिबात नव्हता, पण दुसऱ्याचा प्रयोग म्हटल्यावर त्याचाही कान बंद झाला. १९३९ मध्ये तो कलकत्त्यात वारला, बंदी त्याच्यानंतर आली. तेव्हाचे रेडिओचे मुख्य लायनेल फील्डन, तेही इंग्रज. म्हणजे फ्रान्समध्ये जन्मलेलं वाद्य भारतीय संगीताला शोभत नाही हा निर्णय दिल्लीत इंग्रजांच्या हाताखालच्या रेडिओने घेतला आणि स्वातंत्र्यानंतर आपल्या सरकारने तो चोवीस वर्षं निष्ठेने सांभाळला. यावर मी वेगळं काय बोलणार.

पण मुद्दे बरोबर असूनही बंदी आली तोवर निकाल लागून गेला होता. आणि तो कुणा समितीने लावला नव्हता.

आपल्याकडचंच घ्या ना. संगीत नाटकात ऑर्गन आणि पेटी कधीच बसली होती. १९११ मध्ये 'मानापमान' आलं, त्याच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या, आणि टेंबे मूळचे पेटीवाले. भास्करबुवा बखल्यांसारख्या गवयाला त्यांनी साथ केलेली. पुढे गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या मागे हरिभाऊ देशपांडे ऑर्गनवर, कादरबक्ष सारंगीवर आणि तबल्याला थिरकवाँसाहेब. त्या रेकॉर्ड ऐका कधीतरी, बालगंधर्वांचा गळा कुठल्याही पट्टीच्या मधल्या फटीत फिरतो आणि ऑर्गन अजिबात त्याच्या अंगावर जात नाही, मागे उभं राहून नुसता प्रकाश धरल्यासारखं. ज्यांनी पेटी वाजवली त्यांना तिची खोट रेडिओवाल्यांपेक्षा जास्त माहीत होती, रोज बोटाखाली होती ती. म्हणून त्यांनी वाटा काढल्या. दरबारी रागात गवई कोमल गंधार आंदोलत असतो तेव्हा चांगला पेटीवाला तिथे जातच नाही, रिषभावर थांबतो, गंधाराला नुसता चाटून येतो. मींड नाही तर मग कणसूर इतका जवळून आणि इतका हलका लावायचा की ऐकणाऱ्याचा कानच मधली जागा भरून काढेल. भात्याचा दाब कमी-जास्त करून सुराला श्वास द्यायचा. पी. मधुकर, विठ्ठलराव कोरगावकर, गोविंदराव पटवर्धन, अप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर, या लोकांनी जे केलं ते यंत्राच्या मॅन्युअलमध्ये कुठेही लिहिलेलं नव्हतं. मनोहर चिमोटे तर आणखी पुढे गेले, पेटीतच स्वरमंडळाच्या तारा बसवल्या, तिला संवादिनी म्हणू लागले आणि ती घेऊन एकट्याने बैठकी केल्या.

आणि आता या गोष्टीतला मला सगळ्यात आवडणारा भाग.

पेटीचं ट्यूनिंग चुकीचं आहे ना, मग बरोबर करू, असा विचार करणारी मंडळीही होती. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर, त्यांनी बावीस श्रुतींचा, म्हणजे सप्तकातल्या बारीक सूरस्थानांचा, हिशोब मांडून १९१० मध्ये पुस्तक काढलं. त्यांच्या जोडीला क्लेमेंट्स नावाचे आयसीएस न्यायाधीश. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यावरून सूर तपासले, आणि त्यावरून खास श्रुती-पेटी बनवून घेतली. म्हणजे मुख्य आक्षेपालाच थेट उत्तर! मग १९१६ मध्ये बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तिथे या पेटीवरून चांगलंच वाजलं, संगीतशास्त्राचे मोठे अभ्यासक भातखंडे, त्यांना हा सगळा श्रुतींचा हिशोब पटला नाही, आणि पेटी काही पुढे गेली नाही. अलीकडे ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओकांनी बावीस श्रुतींची पेटी पुन्हा नव्याने तयार केली, अफाट मेहनतीचं काम आहे, मी ऐकलीये, गंधार खरंच जागेवर बसतो. पण गल्लीतल्या भजनी मंडळात अजून तीच जुनी, १४ सेंट चढी.

म्हणजे बघा, परीक्षेत नापास झालेली पेटी घरोघरी आणि पास झालेली पेटी मोजक्या लोकांकडे. हे अन्यायाचं आहे असं कुणाला वाटेल, मला तसं वाटत नाही. साधी पेटी स्वस्त होती, पुन्हा पुन्हा लावत बसायला नको, पावसाळ्यात तार उतरायची भानगड नाही, पोराटोरांनाही आठ दिवसांत एखादं गाणं निघतं. त्यामुळे ती हजारो हातांत गेली, आणि त्या हजारो हातांतून चार-दोन असे निघाले ज्यांनी तिच्याकडून तिला न येणारी गोष्ट करून घेतली. माझ्या मते "हे संगीत आहे का" या प्रश्नाचं उत्तर वस्तूकडे बघून मिळतच नाही. ती कुणाकुणाच्या हातात गेली आणि त्यांनी तिचं काय केलं हे बघावं लागतं, आणि त्याला वेळ लागतो, आणि तो वेळ द्यायला आपण तयार नसतो. बंदीचा खरा दोष माझ्या लेखी हाच. मत चुकलं म्हणून नाही, तर जो काळ हातांना मिळायला हवा होता तो काढून घेतला. जवळजवळ एकतीस वर्षं म्हणजे पेटीवाल्यांची एक अख्खी पिढी, जिचं रेडिओच्या काळातलं काम रेडिओकडेच नाही.

उलट उदाहरणही आहे, आणि ते पार दुसऱ्या टोकाचं. जॉन केज आठवतोय का, तो अमेरिकन संगीतकार, चार मिनिटं तेहेतीस सेकंदांचा शांत तुकडा करणारा? २९ ऑगस्ट १९५२, न्यूयॉर्क राज्यातलं वुडस्टॉक, डेव्हिड ट्यूडर पियानोवर बसला, झाकण लावलं, वेळ मोजली, तीन भागांत, आणि एकही सूर वाजवला नाही. लोक वैतागले. केजचं म्हणणं असं की शांतता नव्हतीच, बाहेर वारा होता, छतावर पाऊस पडायला लागला, शेवटी लोकांची कुजबुज. "याला संगीत म्हणायचं का" या भांडणाचा हा जगप्रसिद्ध नमुना, पण त्याच्या मागे आपल्याकडची एक बाई आहे हे फार कमी जणांना माहीत असतं. गीता साराभाई. १९४६ मध्ये त्या न्यूयॉर्कला गेल्या, केजकडून पाश्चात्य काउंटरपॉइंट (एकाच वेळी दोन-तीन स्वतंत्र चाली गुंफायची रीत) शिकल्या आणि बदल्यात त्याला भारतीय संगीत शिकवलं. मन निवळणं, शांत होणं हा संगीताचा हेतू, ही गोष्ट केजने त्यांच्याकडून घेतली आणि पुढे आयुष्यभर सांगितली. ('४ मिनिटं ३३ सेकंद' मला स्वतःला ऐकायला, म्हणजे न ऐकायला, फार काही देत नाही. एकदा कल्पना कळली की संपलं. पण ती कल्पना कुणीतरी एकदा करून बघायला हवी होती एवढं मान्य.)

तोच ट्यूडर १९६९ मध्ये अहमदाबादला आला आणि तिथल्या एनआयडीमध्ये, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, मूग सिंथेसायझर (विजेवर आवाज तयार करणारं यंत्र) बसवून इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा करून दिला. अहमदाबादेत, १९६९ मध्ये! गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा अशांनी तिथे टेपवर रचना केल्या. काही वर्षांत स्टुडिओ थंडावला आणि टेप कपाटात पडून राहिल्या, आता अलीकडे पॉल पुर्गस नावाच्या ब्रिटिश कलाकाराने त्या हुडकून बाहेर काढल्या. त्यातलं जे मी ऐकलं ते काही ठिकाणी थक्क करतं आणि काही ठिकाणी नुसती बटणं फिरवून बघितल्यासारखं आहे, जे असायलाच हवं. पण इथे बंदी वगैरे कुणीच घातली नव्हती, तरी हे मेलं. कारण ते एका इमारतीतून बाहेरच पडलं नाही. ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवणाऱ्या कुणा मुलाचा त्या मूगला हात लागला असता तर काय झालं असतं कोण जाणे.

रेडिओवरून आठवलं, केसकर. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, आपले पुण्याचे, १९५२ ते १९६२ माहिती-प्रसारण मंत्री, संगीताची जाण असलेला माणूस. शास्त्रीय संगीत रेडिओवर टिकवलं, मोठं केलं, हे श्रेय त्यांचंच, यात वाद नाही. पण त्यांना सिनेमाची गाणी म्हणजे संगीत वाटेना, त्यांनी ती रेडिओवरून जवळजवळ हद्दपार केली. लोकांनी काय केलं? रेडिओची खुंटी फिरवली आणि सिलोन लावलं. अमीन सयानी आणि बिनाका गीतमाला. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला सरकारलाच विविध भारती सुरू करावं लागलं. ज्या काळातल्या हिंदी गाण्यांना आज आपण डोळे मिटून "सुवर्णकाळ" म्हणतो ना, त्याच काळातली ती गाणी जी सरकारी रेडिओला उथळ वाटत होती. आणि त्यांचे संगीतकार काय करत होते तर मांडोलिन, ॲकॉर्डियन, व्हायोलिनचे ताफे आणि ठुमरी एकाच तीन मिनिटांत कोंबत होते, तेही गोव्याच्या अरेंजरना हाताशी धरून. फ्यूजन हा शब्द पोस्टरवर यायच्या कितीतरी आधी.

आता एक गोष्ट जी प्रयोगाच्या बाजूने बोलणारे, म्हणजे माझ्यासारखे, सहसा गिळून टाकतात. पेटी आली आणि सारंगी गेली. एकट्या पेटीमुळे नाही, त्यात मोठा वाटा आपल्या सोवळेपणाचा. सारंगीये कोठ्यावरच्या बायकांना साथ करायचे, म्हणून पांढरपेशा घरांना सारंगी घरात नको होती, पेटी मात्र चालली, तिच्यावर कसलाच डाग नव्हता. त्यात सारंगी लावायला त्रास, तरफांच्या, म्हणजे मुख्य तारांखाली आपोआप घुमणाऱ्या, तीस-पस्तीस तारा, नखाच्या मुळाशी घट्टे पडेपर्यंत रियाज. त्या मानाने पेटी उघडली की तयार. मग क्लासमध्ये पेटी, रंगमंचावर पेटी, आणि गळ्याच्या सगळ्यात जवळ जाणारं वाद्य हळूहळू बाजूला. बंदीच्या काळात रेडिओवर सारंगीयांना नोकऱ्या मिळाल्या, कित्येक घराणी त्यावर तगली, हेही त्याच बंदीचं फळ. तेव्हा मी बंदीला नावं ठेवतो ती हे माहीत असून. चांगला प्रयोगसुद्धा कुणाच्या तरी पोटावर येतो, आणि ज्याच्या येतो त्याने चिडून "हे संगीतच नाही" म्हटलं तर त्याला अडाणी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ग्रुपवरच्या काकांचं तसं काहीच जात नव्हतं, तो भाग वेगळा.

याच कारणाने २०२२ मध्ये अकाल तख्ताने, म्हणजे शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठाने, सुवर्णमंदिराच्या कीर्तनातून पेटी हळूहळू काढायची आणि रबाब, सरंदा वगैरे तंतुवाद्यं परत आणायची असं म्हटलं तेव्हा मला ते १९४० सारखं वाटलं नाही. तिथे नुसतं "ही नको" नव्हतं, "ही जागा मुळात ज्यांची होती त्यांना परत" असं होतं, आणि त्यासाठी वाद्यं शिकवायची तयारीही. पटो न पटो, पण त्यात कुणीतरी काहीतरी वाजवायला शिकणार आहे.

लॅपटॉपवाल्या मुलाबद्दल माझी खरी शंका वेगळीच आहे, मारवा बिघडण्याची नाही. लूप एकदा लागला की लय ठरली. आपल्या ख्यालात लय हळूच, कुणाच्या लक्षात येणार नाही अशी सरकत जाते, तबलजी आणि गवई नजरेनेच ठरवतात, आणि यंत्राला नजर नाही. म्हणजे पेटीत सूर गोठलेले तसा इथे काळ गोठलेला. त्याने किंवा त्याच्यासारख्या कुणीतरी यातून वाट काढली, लूप मधेच मोडून नवा बांधायची काही रीत बसवली, तर ते ऐकायला मी तिकीट काढून जाईन. नाही काढली तर राहील एक क्लिप. बरेचसे प्रयोग फसतातच, निदान फ्यूजनच्या नावाखाली जे चालतं त्यातलं तरी बरंचसं मला कंटाळवाणं वाटतं, शेवटी सगळे मिळून फास्ट तिहाई (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं) मारतात आणि पब्लिक उभं राहून टाळ्या वाजवतं, कुणी कुणाचं ऐकलेलं नसतं.

आणि गंमत म्हणजे काही प्रयोगांना हा प्रश्न कुणी विचारतच नाही. इलेक्ट्रॉनिक तानपुरा घ्या. १९७० च्या दशकाच्या शेवटी बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक श्रुतीचं यंत्र आणलं, मग तानपुरा, आणि आता तर फोनवरचं ॲप. आज रियाजाला बसणाऱ्या दहातल्या नऊ जणांच्या समोर फोनच असतो, माझ्याही. मिरजेत भोपळ्यापासून तंबोरे बनवणाऱ्या कारागिरांना २०२४ मध्ये जीआय मानांकन (त्या गावचीच खास वस्तू म्हणून सरकारी नोंद) मिळालं, सगळ्यांनी अभिनंदनाच्या पोस्ट फॉरवर्ड केल्या, आमच्या ग्रुपवर पण. तंबोरा किती जणांनी विकत घेतला ते मी विचारलं नाही, कारण मग मलाही कुणीतरी विचारलं असतं.

कोकणात कुणाचं गाव असेल तर एकदा डबलबारीला जाऊन बसा. दोन भजनी बुवा समोरासमोर, दोघांच्याही पुढ्यात पेटी, पखवाज, झांजा, रात्रभर सवाल-जवाब, मधेच अभंग, मधेच सिनेमाची चाल, मधेच समोरच्या बुवाची टोपी उडवणं. रेडिओवर पेटी बंद असताना तिकडे ती बिनधास्त वाजत होती आणि बंदी आहे हे त्यातल्या कितीजणांना कळलं असेल देव जाणे. मे महिन्यात बऱ्याच ठिकाणी बाऱ्या असतात, पुढे बसायचं असेल तर लवकर जा, नाहीतर कडेला उभं राहून ऐकावं लागतं.